चपट्या टीव्हीतला भरदार वाल्मिक

कोईमतूर,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप गोरक्षनाथ मामांना भाचा वाल्मिक याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण इथं गोडाऊनमध्ये दोन्ही बाजूंनी टीव्हीची खोकी लावलेली आहेत, पूर्ण आडवं व्हायला जागा नाही. कमरेपर्यंत वाकलोय, बाकीचं तुम्ही धरून घ्या.) मी इकडं खुशाल आहे. तुमचा गुडघा थंडीनं परत धरला का, मामीचं पित्त कसं आहे, मोठी गाय गाभण राहिली का नाही, ते कळवा. आईला सांगा की मी दोन्ही वेळ जेवतो, मधेही जेवतो, आणि जेवताना तिची आठवण काढतो. आणि आपल्या जुन्या टीव्हीची तब्येत कशी आहे? त्याला शेवटी विचारलं म्हणून राग धरू नका. तो घरातला थोरला आहे हे मला माहीत आहे. बापू गेल्यावर आई मला घेऊन तुमच्याकडं राहायला आली तेव्हा तो आधीच आलेला होता, आणि घरातली चांगली जागा त्याला मिळालेली होती.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना या गड्याला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली. (आठवीत शाळा सुटल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, त्यामुळं अक्षराकडं बघू नका, मजकुराकडं बघा.) त्याला कारण तुमचाच मोबाईल आहे. तुम्ही फोन उचलला की आधी स्पीकर चालू करता, मग तो दूध डेअरीच्या कट्ट्यावर ठेवता, आणि मग मला म्हणता, "बोल, हितं कोन न्हाई." मागं एकदा मी तुम्हाला घरचा माणूस म्हणून सांगितलं की इकडचा भात खाऊन पोट साफ होत नाही, तर दुसऱ्या दिवशी डेअरीच्या चेअरमनचा मला इसबगोल घे म्हणून फोन आला. आजचा विषय तसा नाही. आजचा विषय तुम्ही, मी आणि दोन टीव्ही एवढ्यांतच राहिला पाहिजे. म्हणून हे पत्र भीमा ड्रायव्हरच्या हाती देतोय. भीमा पारनेरचा कांदा घेऊन इथल्या मार्केटला आला होता, आता नारळ भरून माघारी निघालाय. शुक्रवारपर्यंत तो केडगावला पोचेल आणि पत्र आणून देईल. रविवारच्या आत ते तुम्ही वाचलंच पाहिजे, कारण रविवारी राहुरीचे पाहुणे आपलं घर बघायला येणार, आणि माझं लग्न जमतंय का मोडतंय ते त्याच दिवशी ठरणार.

तर दिवाळीच्या आधी मी तुम्हाला नवा चपटा टीव्ही पाठवला. (शोरूममध्ये लावलेला पीस होता, मालकानं सवलतीत दिला, पण त्याला कुठं मार लागलेला नाही. मी स्वतः त्याला रोज पुसत होतो.) केडगावच्या ट्रान्सपोर्टला तो उतरला, तुम्ही टेम्पोत गोधडी अंथरून त्याला घरी नेला, इथवर सगळं चांगलं झालं. पुढचं मला मोनिकाताईनं सांगितलं. (तुमची लेक राहुरीला सासरी बसून माहेरातली जेवढी माहिती ठेवते तेवढी तुम्ही घरात बसून ठेवत नाही, हे कौतुकानं लिहितोय.) मामीनं नव्या टीव्हीची पूजा केली. नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं. आता जुन्या टीव्हीला ती दसऱ्याला खोक्यावर कुंकू लावायची, नव्याला खोकंच नाही, पुढून बघितला तर सगळा पडदाच. मग ती तरी लावणार कुठं? तिनं बरोबर मधोमध लावलं. त्यामुळं त्या दिवशी बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकाला कुंकू, हवामान सांगणाऱ्याच्या गळ्याला कुंकू, आणि क्रिकेट लागलं तेव्हा पंचाच्या पोटाला कुंकू. मग तुम्ही ते गाईची कास पुसायच्या फडक्यानं पुसलं. मामा, त्या फडक्याला कासेला लावायचं तूप असतं. मोनिकाताई म्हणते की तेव्हापासून पडद्याच्या मधल्या भागात सगळी माणसं नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी चकाकतात.

आणि दिवाळी झाल्यावर तुम्ही तो उतरवला. कणगीच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवला, मास्तर मला उभं करायचे तसा. जुना परत स्टुलावर आला. मी फोन केला तर तुम्ही डेअरीतूनच (चेअरमनच्या साक्षीनं) मला म्हणालात, "वाल्या, ह्यो टीव्ही लई दाखवतोय. एवढं बघायची आपल्याला सवय न्हाई." मग एकेक काढलंत. बातम्यावाल्याची पावडर दिसते आणि पावडरीखालचा माणूस बी दिसतो. देवाच्या मालिकेत देवाची मिशी एका बाजूनं सुटलेली दिसली आणि मामीनं जोडलेले हात सोडले. काळं ते काळं दिसत नाही, अमावस्येचा सीन लागला तरी राखाडी उजेड पडतो. कडेला बसलं की रंग उडतो, म्हणजे तुम्हाला खाटेवर एक टीव्ही आणि मामीला चुलीपाशी दुसराच. आणि शेवटी तुम्ही असं बोललात की मी इथं हातातला ड्रिल खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, "जुन्यात चित्र खोल दिसतं, हिरीत वाकून बघितल्यावानी. ह्यात भितीला क्यालेंडर टांगल्यावानी दिसतं."

मामा, मी भिंतीला टीव्ही टांगायचं काम करतो. माझ्या धंद्याला इतकं लागलेलं बोलणं आजवर कोणी बोललं नव्हतं. पण खोटं कसं म्हणू? जुन्या टीव्हीचा काळा रंग खरंच काळा होता. चालू करताना तो ठप्प करायचा, हाताचे केस उभे राहायचे, आणि मग चित्र असं हळूहळू वर यायचं, दूध वर येतं तसं. तोंडं मऊ दिसायची. कोणाच्या गालावरचा खड्डा दिसत नव्हता, त्यामुळं सगळी माणसं चांगल्या घरची वाटायची. आणि वर मांजर झोपायचं, ती सोय नव्या टीव्हीत कोणत्याच कंपनीनं अजून दिलेली नाही.

पण आता त्याचं दुसरंही ऐका. गणपतीत मंडळाचा लाऊडस्पीकर रात्रभर पावसात भिजू नये म्हणून तुम्ही घरात आणून त्याला टेकवून ठेवला, आणि त्याच्या लोहचुंबकानं टीव्हीचा उजवा कोपरा हिरवा झाला तो झालाच. त्या बाजूला जो कोणी येईल तो काविळीनं उठल्यासारखा दिसतो. चित्र हललं की चापट लागते, आणि चापट फक्त तुमच्या हाताची लागते. मी मारली तर आवाजही जातो. आणि कडा? मामा, तो टीव्ही चारी बाजूंनी चित्र खातो. क्रिकेटमध्ये खालचा धावांचा पट्टा अर्धा खाली गेलेला असायचा, आणि आकड्यांची नुसती डोकी बघून आठ आहे का नऊ आहे यावर तुमचं आणि चेअरमनचं भांडण झालं, ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. जे कडेला उभं आहे ते त्या टीव्हीत अर्धंच दिसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तुम्ही म्हणाल, हा कालपर्यंत बोअरच्या गाडीवर होता, तिथून कोंबड्यांच्या टेम्पोवर गेला, तिथून हुबळीच्या हॉटेलात, याला चित्रातलं काय कळतं. खरं आहे. मी एका जागी टिकत नाही म्हणून तुम्ही मला भोवरा म्हणता. पण मी टांगलेला टीव्ही टिकतो, अजून एकही पडलेला नाही (एक पडला होता, पण ती भिंतच पडली होती). आणि रोज चार घरं हिंडून माणूस काहीतरी शिकतोच. मागच्या महिन्यात मी आणि सेल्वम (हा माझा इथला जोडीदार, त्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, आमचं कधी भांडण झालेलं नाही) एका रिटायर मास्तरांच्या घरी मोठा टीव्ही टांगायला गेलो. टांगला. मास्तरांनी हौसेनं स्वतःच्या लग्नाची जुनी कॅसेट भरून घेतलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर मास्तरीणबाई नवरी होऊन आल्या, त्या कणगीएवढ्या. त्या बाई आमच्या समोरच बसल्या होत्या, हातात कॉफीचा ट्रे, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारख्या. त्या बराच वेळ तमिळमध्ये बोलल्या. सेल्वमनं मला दोन्ही हात कमरेवर ठेवून आणि ते आत दाबून त्याचा अर्थ सांगितला.

त्याचं असं असतं मामा. जुनं शूटिंग चौकोनी, आणि नवा टीव्ही लांबोडका. चौकोनी चित्र लांबोडक्या पडद्यावर पसरायचं तर माणसं दोन्ही बाजूंनी ओढावी लागतात. टीव्ही ती ओढतो, विचारत नाही. सेल्वमनं रिमोटचं बटण दाबलं, चित्र जागच्या जागी आलं, बाई शेंगेसारख्या झाल्या आणि खूश झाल्या. पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, त्या बघून मास्तर खवळले. त्यांचं म्हणणं, मी टीव्ही एवढा रुंद घेतला तो काय काळोख बघायला? बटण दाबलं की बाई रागावणार, नाही दाबलं की मास्तर. आम्ही दोनदा कॉफी प्यालो. शेवटी असं ठरलं की मास्तरांच्या मालिका रुंद आणि बाईंचं लग्न अरुंद, आणि रिमोट बाईंकडं.

हे तुम्हाला का सांगितलं? सहज सांगितलं.

तशीच एक आपल्या घरातली गोष्ट मोनिकाताईनं सांगितली, ती ऐकून मी इथं जिन्यातच बसून राहिलो. दिवाळीला ती माहेरी आली आणि तिनं नव्या टीव्हीला तिच्या लग्नाची डीव्हीडी लावली. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षीचं लग्न, शूटिंग आपल्या शेजारच्या रविराजचं, आणि त्याचा कॅमेरा तेव्हाच म्हातारा झालेला, सगळं चौकोनी. (तुमच्याकडं चहाला आलेला एकही माणूस ही डीव्हीडी बघितल्याशिवाय गेलेला नाही, त्यामुळं त्यात काय आहे ते अख्ख्या पारनेर तालुक्याला पाठ आहे.) मंगलाष्टकाला मी अक्षतांचं ताट घेऊन माणसांतून फिरतो तो सीन आला. जुन्या टीव्हीत मी तिथं आहे तसा दिसतो, फेटा घातलेली काठी. नव्यात मी आलो तो गालफडं भरलेली, मान गेलेली, दंड शर्टात मावेनात. आई उठून जवळ गेली. पडद्यावर माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "बघ गं मोनिका, तवा कसा भरल्याला हुता माझा लेक. बाहेरगावी जाऊन वाळला." आणि तिनं मीठमोहऱ्या आणून टीव्हीवरून ओवाळल्या, माझी दृष्ट काढली.

आणि तुम्ही खाटेवरून म्हणालात, "बनू, टीव्हीनं ओढलाय गं त्याला. पोरगं हुतं तेवढंच हाय." मामा, तुम्ही खरं बोललात. पण आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, आणि तुम्ही तो टीव्ही कणगीमागं नेऊन ठेवला. क्यालेंडरचं कारण चेअरमनला सांगायला ठीक आहे, खरं कारण हे आहे, हे मला कळतं. बहिणीला फसवणारी वस्तू तुम्हाला घरात नको.

आता राहुरीच्या पाहुण्यांचं. सुकन्या म्हणजे मोनिकाताईची चुलत नणंद, हे तुम्हाला माहीत आहे. तिचे वडील हनुमंततात्या, त्यांनाही तुम्ही एक-दोनदा बघितलं आहे, दरवाजातून येताना ते अंग तिरकं करतात. त्यांच्या घरी हीच डीव्हीडी आहे, आणि ती बघून त्यांनी मला पसंत केलं. मी इतका लांब असल्यामुळं माणूस बघायचा कार्यक्रम व्हिडिओवरच उरकला म्हणायचा. मला वाटतं त्यांना माझा स्वभाव आवडला असावा. आता राहिलं घर बघणं. तर माझी एवढीच विनंती आहे की रविवारी घराला शोभा यावी म्हणून नवा टीव्ही बाहेर काढा, जुन्याला एक दिवस गोधडी पांघरून आत झोपवा, आणि पाहुण्यांना चहाबरोबर जे काही दाखवायचं ते नव्यावर दाखवा. चारचौघांत बरं दिसतं. दुसरं काही नाही.

पोंगलला (म्हणजे आपल्या संक्रांतीला) इथं सुट्टी आहे, तेव्हा मी येतोच. मामीला नमस्कार, आईला नमस्कार, मांजराला टीव्हीवरून न उठवता नमस्कार.

तुमच्या घरात वाढलेला आणि तरीही अंगानं न वाढलेला,
वाल्मिक

ता.क. – भीमाच्या ट्रकमध्ये अजून नारळ चढतायत, म्हणून थोडं आणखी लिहितो. वर शोभेचं लिहिलं ते शोभेसाठी लिहिलं. खरं असं आहे की हनुमंततात्यांच्या घरी चपटा टीव्ही आहे आणि त्यांनी मला त्यावर बघितलंय. तात्यांना जावई अंगापेरानं भरलेलाच पाहिजे, त्यांनी दोन स्थळं नुसती मनगटं बघून परत पाठवलेली आहेत. ते मोनिकाताईला म्हणाले, "तवाच एवढा, मंग आता केवढा झाला आसंल." मामा, मी तेव्हापासून खातोय. सेल्वम मला डझनानं केळी आणून देतो, तूप घातलेला भात देतो, परोठे देतो. पण काम असं आहे की तिसऱ्या मजल्यावर टीव्ही चढवला की केळी खाली उतरलेली असतात. पोंगलपर्यंत मला त्या टीव्हीतल्या वाल्मिकला गाठायचंय आणि तो पुढं पुढंच चाललाय. म्हणून एवढं करा. रविवारी तुम्ही डीव्हीडी लावल्याशिवाय राहणार नाही हे मला माहीत आहे, तर ती नव्यावरच लावा, आणि रिमोटमधले सेल काढून मामीच्या मिसळणाच्या डब्यात टाका. तात्यांनी जर मला जुन्या टीव्हीवर बघितलं तर ते चहा न पिता उठतील. आणि सुकन्या मला पाहिजे मामा. हे मी कोणाला बोललेलो नाही, म्हणून तर स्पीकरवर बोललो नाही.

ता.क. दुसरा – नारळ चढले, पण भीमाचं चाक पंक्चर आहे. तेवढ्यात एक फोन आला. मोनिकाताईचा नंबर होता, मी म्हणलं, "बोल ताई." तर पलीकडून, "तुमीच का ते ताटवाले?" सुकन्या होती. आम्ही आधी कधीच बोललेलो नव्हतो. मी दोन खोक्यांच्या मधल्या बोळात शिरलो आणि हो म्हणालो. ती म्हणाली, "आवाज तर बारीकच हाय. म्हंजी माझं बरोबर हाय."

तर मामा, तिनं पहिल्याच दिवशी रिमोटचं ते बटण दाबून मला बघितलेलं आहे. एवढंच नाही, तिनं तात्यांना बोलावून दाखवलं, म्हणाली, तात्या, पोरगा एवढाच हाय. तात्यांनी बघितलं, दोन्ही कडेच्या काळ्या पट्ट्या बघितल्या, आणि म्हणाले, "टीव्ही बिघडला, कडंनी जळाला. पोरगं बरोबर हाय, तू रिमोटला हात लावू नको." मी तिला विचारलं, मग तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, "माझं काय. मला बघायचं हुतं तेवढं बघून झालं. तुमच्या केळ्यांचं बी मोनिकावहिनीनं सांगितलं. लग्न मला करायचंय का टीव्हीला?" मग तिनं विचारलं, मी बी त्याच शूटिंगमधी हाय, तुमाला म्हाईत हाय का, कुठं?

मला माहीत होतं. आता तुम्हालाही सांगतो. त्याच सीनमध्ये, मी ताट घेऊन फिरतो तेव्हा, उजव्या कडेला एक मुलगी उभी आहे. आपल्या टीव्हीत ती अर्धीच येते, एक डोळा, एक झुमका, आणि पडद्याबाहेर गेलेला एक हात, आणि लाऊडस्पीकरच्या कृपेनं सगळी हिरवी. ती हसते आहे, पण कशाला हसते आणि हात कुठं नेते ते दिसत नाही. तुम्ही पाहुण्यांना डीव्हीडी दाखवायचा आणि मी मागं उभा राहून तेवढीच कड बघायचो. तुम्हाला वाटायचं, भाच्याला बहिणीच्या लग्नाचं केवढं कौतुक. मग इथं शोरूममध्ये एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं, मी पेनड्राइव्हवर आणलेलं तेच शूटिंग एका चपट्या टीव्हीला लावलं, आणि ती पूर्ण दिसली. ओढणी हिरवी नाही, केशरी आहे. तिच्या हातातल्या अक्षता पहिल्याच मंगलाष्टकाला संपलेल्या आहेत, आणि ती पुढच्या बाईच्या खांद्यावर पडलेल्या वेचून परत टाकते आहे, आणि स्वतःलाच हसते आहे. मी त्याच दिवशी मालकाला विचारलं, हा पीस मला देता का. तोच टीव्ही तुमच्या कणगीमागं आहे. आम्ही खोलीत सहा जण राहतो, सहा जणांत तिला बघायची माझी तयारी नव्हती. वाटलं, आधी आपल्या घरात ती एकदा पूर्ण दिसू दे, मग मोनिकाताईकडं विषय काढू. (पण मी थांबू शकलो नाही, टीव्ही केडगावला पोचायच्या आधीच विषय काढला.)

हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या अक्षता संपल्या हुत्या. तुमी भरलेलं ताट घेऊन अर्ध्यातनं माघारी का फिरला?" मामा, ताटासकट तेव्हा तुम्हीच मला हाक मारून परत बोलावलं होतं, पण तुमचं नाव मी घेतलं नाही.

ता.क. तिसरा आणि शेवटचा – चाक बसलं, भीमा हॉर्न वाजवतोय. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "रविवारी तात्यांना तुमच्या मामांच्या जुन्या टीव्हीवर शूटिंग दाखवा. पोरीचं तात्या ऐकत न्हाईत, नव्या टीव्हीला बिघडला म्हणत्यात. पन मोनिकावहिनी सांगते की तिचे वडील आन त्यांचा टीव्ही, दोघंबी खोटं बोलत न्हाईत." मी विचारलं, आणि तात्या उठून गेले तर? ती म्हणाली, "मी बी तितं आसनार हाय. मी न्हाई उठायची."

तेव्हा वर जे जे लिहिलं ते सगळं खोडलं असं समजा. रविवारी जुनाच टीव्ही स्टुलावर ठेवा, मामीनं शिवलेलं कव्हर धुऊन घाला, चापट मारायची वेळ आली तर तुम्हीच मारा, आणि मी आहे तेवढाच तात्यांना दाखवा. काय व्हायचं ते होऊ दे. नव्या टीव्हीला मात्र पाहुणे गेल्यावर कणगीमागून काढा आणि आईच्या समोर लावा. त्याचं बटण दाबू नका. तिला मी तसाच दिसू द्या.

आणि तात्यांनी जर विचारलं की आमची लेक तुमच्या टीव्हीत अर्धी आणि हिरवी का दिसते, तर हिरवीचं लाऊडस्पीकरवर ढकला. राहिलेल्या अर्धीबद्दल काही बोलू नका. ती मी बघितलेली आहे.